उन्हात बसवणारा हकीम

इब्न अल-बैतार म्हणजे गुरांच्या वैद्याचा मुलगा. जन्म बाराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमधील मलागाचा. सेव्हिलला अबुल अब्बास नबाती या उस्तादांबरोबर रानोमाळ हिंडून ते वनस्पती ओळखायला शिकले. पुढे उत्तर आफ्रिका पालथी घालत कैरोला पोहोचले. तिथे सुलतान अल-कामिल यांनी त्यांना वनौषधींच्या जाणकारांचे प्रमुख नेमले.

त्यांच्या ग्रंथात सुमारे १४०० औषधे व खाद्यपदार्थ आहेत. त्यातली एक नोंद कोडाची. एक बर्बर कबिला कोडावर कसल्याशा बिया देई, पण झाडाचे नाव सांगत नसे. इब्न अल-बैतार यांनी ते आत्रिलाल या नावाने कृतीसह लिहून टाकले. पूड पोटात घ्यायची आणि डाग उघडे ठेवून उन्हात बसायचे. डागांवर फोड येत, ते बरे होताना रंग परतू लागे. ऊन हे त्या औषधाचे अर्धे अंग. आपली बावचीही याच गुणाची.

कोड एकाचे दुसऱ्याला लागत नाही, तरी पिंपळीपासून पुण्यापर्यंत त्यापायी आजही सोयरिकी मोडतात.

१२४८ मध्ये दमास्कसला त्यांचे निधन झाले. सातशे वर्षांनी, १९४७ च्या सुमारास, कैरोतल्या संशोधकांनी त्याच बियांतून सोरालेन वेगळे केले. ते घेऊन मोजक्या अतिनील किरणांखाली उभे करण्याचे उपचार १९७० च्या दशकापासून त्वचारोग विभागांत रुळले. मात्रा चुकली तर कातडी भाजते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.