समुद्राखालची वाट दाखवणारा : जॅक कुस्तो

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतील चार कुटुंबे मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडाला मुखवटा आणि नळी लावून आम्हीही पाण्यात उतरलो. खालचे रंगीत मासे पाहून भान हरपले आणि दमल्यावर सहज पाय टेकला. पायाखाली काहीतरी कट्कन मोडले. ते प्रवाळ होते. बरोबरचा मालवणी मुलगा रागावला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. असे प्रवाळ वर्षाला फार तर काही सेंटिमीटर वाढते, हे आम्हाला घरी आल्यावर कळले. त्या निमित्ताने जॅक कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दीचे चरित्र वाचनात आले. ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. १९३० साली ते नौदलाच्या प्रबोधिनीत दाखल झाले. त्यांना वैमानिक व्हायचे होते. परंतु मोटार अपघातात दोन्ही हातांना जबर इजा झाली आणि ते स्वप्न संपले. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँ येथे रोज समुद्रात पोहू लागले. तेथे फिलिप तायेझ या सहकाऱ्याने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. त्यातून समुद्राचा तळ दिसला आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

त्या काळी पाणबुड्याला बहुधा जड शिरस्त्राण घालून, वरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेले राहावे लागे. कुस्तोंना माशासारखे मोकळे फिरायचे होते. महायुद्धात पेट्रोलची टंचाई असल्याने एमिल गान्याँ या अभियंत्याने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार केली होती. तीच सुधारून दोघांनी १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले. श्वास घेतला की पाठीवरच्या टाकीतून हवी तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने मिळते. आजचे स्कूबा याच तत्त्वावर चालते.

पुढे एका धनिकाने सुरुंग काढणारे जुने जहाज विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक भाड्याने त्यांना दिले. हेच ते प्रसिद्ध ‘कॅलिप्सो’. त्यावरून त्यांनी तांबड्या समुद्रातील प्रवाळांचा अभ्यास केला. लुई माल यांच्यासह केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढे ऑस्करही. १९६३ मध्ये तर सुदानजवळच्या शाब रूमी येथे त्यांची माणसे दहा मीटर खोल पाण्यात घर करून महिनाभर राहिली. त्या वसाहतीचे अवशेष अजून तेथे आहेत आणि त्यांवर आता प्रवाळ वाढले आहे.

पण एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. त्याच गाजलेल्या चित्रपटात कुस्तोंच्या पथकाने माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळखडकावर सुरुंग उडवला. रागाच्या भरात शार्क मासेही मारले. ज्याने जगाला समुद्र दाखवला, त्याच्याच हातून हे घडले. मात्र माणूस तेथेच थांबला नाही. १९६० मध्ये किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या बेताविरुद्ध ते उघडपणे उभे राहिले. १९७३ मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकात खाणी होऊ नयेत म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. १९९१ च्या माद्रिद करारात तशी बंदी आली.

दुःखेही चुकली नाहीत. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. १९९६ मध्ये सिंगापूरला धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाले. पुढच्याच वर्षी, २५ जून १९९७ रोजी, पॅरिस येथे कुस्तोंनी देह ठेवला.

कॅरिबियन समुद्रातील ग्वादलुप बेटाजवळ त्यांच्या नावाचे राखीव सागरक्षेत्र आहे. तेथे मार्गदर्शकासह पोहणारे पर्यटक उथळ भागातील प्रवाळ पाहतात, आणि सुमारे बारा मीटर खोलीवर कुस्तोंचा अर्धपुतळा आहे. पुतळा चौकात न बसवता प्रवाळांच्या सोबतीला ठेवला, हे आम्हाला फार भावले.

मालवणचे ते मोडलेले प्रवाळ आम्ही परत जोडू शकत नाही. पण गेल्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा पाण्यात उतरण्याआधी मुलांना आम्हीच बजावले की पाय टेकायचे नाहीत, दमलात तर पाण्यावर उताणे तरंगा. गणरायाला पाण्यात निरोप देतानाही त्या पाण्यात कोणाचे तरी घर आहे, एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. यंदा आमच्या घरी शाडूची मूर्ती आहे.