मसाओ ओबा: जगज्जेता असतानाच जगाचा निरोप घेणारा बॉक्सर

अवघं २३ वर्षांचं आयुष्य, पण जपानी बॉक्सिंगमध्ये मसाओ ओबाचं नाव आजही आदराने घेतलं जातं.

टोकियोतल्या गरीब घरात १९४९ साली जन्मलेल्या ओबाने २१ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, २२ ऑक्टोबर १९७० ला, थायलंडच्या बर्करेक चार्तवांचाईला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं आणि डब्ल्यूबीएचं फ्लायवेट जगज्जेतेपद पटकावलं. पुढे पाच वेळा ते राखलं.

शेवटची लढत २ जानेवारी १९७३ ची. चार्तचाई चिओनोईच्या ठोशाने पहिल्याच फेरीत ओबा कोसळला, घोटाही मुरगळला. तरीही लंगडत लढून बाराव्या फेरीत त्यानेच सामना संपवला.

२३ दिवसांनी टोकियोतल्या एक्स्प्रेसवेवर कार अपघातात ओबाचा मृत्यू झाला. त्याचं जगज्जेतेपद रिंगमध्ये कुणालाच हिरावून घेता आलं नाही.