विश्लेषण : लंडनच्या झगमगत्या बाजारात १३ वर्षे लढलेला साताऱ्याचा वकील, कोण होते रंगो बापूजी?

लंडनला फिरायला गेलेली मराठी मंडळी हल्ली लेडनहॉल मार्केटमध्ये हमखास फोटो काढतात. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाले, हे त्याचे मुख्य कारण. लोखंड आणि काचेचे नक्षीदार छत असलेली आजची इमारत १८८१ सालची; बाजार मात्र त्याहून कितीतरी जुना, मांस आणि कोंबड्या-बदकांचा. या बाजाराला लागूनच लॉइड्स या विमा बाजाराची इमारत आहे. पाइप, जिने, लिफ्ट असे सगळे बाहेरच्या बाजूने बसवलेली ही इमारत इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना ओळखीची असते. १९८६ मध्ये ती जिथे उभी राहिली, त्या जागी १८६१ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय होते. साताऱ्याच्या गादीचा निकाल तिथे लागला आणि तो बदलून घेण्यासाठी साताऱ्याचा एक माणूस १८४० पासून १८५३ पर्यंत त्या पायऱ्या झिजवत होता.

रंगो बापूजी लंडनला का गेले?

रंगो बापूजी गुप्ते मूळचे भोरजवळच्या कारी गावचे. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यातले. छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे ते विश्वासू होते.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना साताऱ्याचे राज्य दिले. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, खानापूर हा भागही त्यात होता. पुढे जत, औंध, फलटण अशा जहागिरींवर हक्क कोणाचा, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात बिनसले. मग आरोप आले : गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार, कंपनीच्या पलटणीतील शिपायांना फितवणे. तहाचा भंग केल्याचे लिहून द्या, गादी राहील, असा प्रस्ताव गव्हर्नर जेम्स कार्नॅक यांनी ठेवला. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले.

खटला नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही. मुंबईत दाद लागणार नाही हे दिसत होते, म्हणून लंडन.

राज्याचा निर्णय भागधारकांच्या सभेत?

हो, आणि ही गोष्ट आज नीट समजून घ्यायला हवी. कंपनीच्या संचालक मंडळावर भागधारकांची सभा होती, तिचे नाव कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स. हजार पौंडांचे भांडवल असेल तर एक मत, दहा हजारांचे असेल तर चार. लाखो रयतेच्या राजाचे काय करायचे, यावर बोलायचे तर त्या रयतेपैकी असून उपयोग नव्हता, शेअर लागत. रंगो बापूजींनी हे गणित ओळखले. इंग्रजी शिकले, बाजू मांडणाऱ्या पुस्तिका छापल्या, मित्र मिळवले. गुलामगिरीविरोधी चळवळीतले गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्पसन आणि खासदार जोसेफ ह्यूम यांनी सातारा प्रकरण सभेत आणि पार्लमेंटमध्ये लावून धरले. भाषणे जोरदार होत, वृत्तपत्रांत येत. मतदानात बहुमत दर वेळी दुसऱ्या बाजूला.

तेव्हाचे लंडन कसे होते?

जगातला सगळा माल विकत मिळणारे. लेडनहॉलपासून पश्चिमेला तीन-चार किलोमीटरवर पिकॅडिली. तिथली छत असलेली दुकानांची गल्ली, बर्लिंग्टन आर्केड, सुरू झाली १८१९ मध्ये, म्हणजे साताऱ्याचा तह झाला त्याच वर्षी. शेजारच्या वाड्याचे मालक लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिश यांनी ती बांधली. लोक बागेत कालवांची टरफले फेकत म्हणून बांधली, अशी कथा लंडनकर आवडीने सांगतात. दागिने, हातमोजे, टोप्या. शिट्टी वाजवायची नाही, पळायचे नाही, छत्री उघडायची नाही, असे नियम. ते पाळायला लावणारे गणवेशातील रखवालदार आजही आहेत. जवळच १७०७ पासूनचे फोर्टनम अँड मेसन हे किराणा दुकान. साखर-चहाचे दुकान इतके राजेशाही असू शकते हे पाहायला तरी तिथे जावे. रीजंट स्ट्रीट नवा कोरा होता. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८३४ पासून एका जुन्या नाट्यगृहात पँथिऑन बझार भरत असे. श्रीमंत बायकांच्या खांद्यावर काश्मिरी शालींची चलती होती आणि स्कॉटलंडमधल्या पेझली गावात त्यांच्या नकला विणल्या जात. १८५१ मध्ये हाइड पार्कात महाप्रदर्शन भरले, त्यात कोहिनूर ठेवला होता. तो दोनच वर्षांपूर्वी पंजाबच्या अल्पवयीन महाराजाकडून घेतलेला.

लेडनहॉल बाजाराचा तऱ्हेवाईकपणा वेगळाच. तिथे ओल्ड टॉम नावाचा एक हंस सुरीतून वाचला, खानावळींतून फिरून पोसला गेला आणि १८३५ मध्ये मेला तेव्हा वृत्तपत्रात त्याचा मृत्युलेख आला. त्यानंतर पाच वर्षांनी रंगो बापूजी लंडनला पोहोचले.

पैसा कुठून येत होता?

काशीहून, महाराजांकडून. राहण्याचा, छपाईचा, कामकाजाचा खर्च मोठा होता. १८४७ मध्ये प्रतापसिंहांचे काशीतच निधन झाले आणि हा ओघ आटला. एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेबही गेले. त्यांचा दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळण्याच्या डलहौसीच्या धोरणाचा हा पहिला मोठा बळी. आता वकिली करायची तर गादीही नव्हती आणि धनीही. तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षे तिथेच राहिले, कर्जात. अखेर ज्या कंपनीविरुद्ध ते लढत होते, तिनेच कर्ज आणि परतीच्या प्रवासाची सोय केली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत कडवट प्रसंग आहे. अर्ज-विनंत्यांचा रस्ता त्यांनी शेवटच्या पैशापर्यंत चालून पाहिला होता. डिसेंबर १८५३ मध्ये त्यांनी लंडन सोडले.

परतल्यावर काय झाले?

१८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव उघडकीस आली. सूत्रधार म्हणून रंगो बापूजींचे नाव पुढे आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत त्यांचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी निसटले आणि इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चार भिंती येथे या लढ्याचे स्मारक आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह आणि रंगो बापूजी यांच्यावर लिहिलेला ग्रंथ या विषयाच्या वाचकांनी टाळू नये.

आणि ती कंपनी?

१८७४ मध्ये ती अधिकृतपणे विसर्जित झाली. पुढच्याच वर्षी आर्थर लिबर्टी यांनी रीजंट स्ट्रीटवर पूर्वेकडचे रेशीम आणि शोभेच्या वस्तूंचे दुकान काढले. दुकानाला नाव दिले ईस्ट इंडिया हाऊस. लिबर्टीची आजची लाकडी धाटणीची इमारत १९२४ ची. तिला लागलेले लाकूड दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांचे आहे, त्यातली एक हिंदुस्तान. तिथून चालत काही मिनिटांवर कॉन्डुइट स्ट्रीट लागतो. संजीव मेहता या भारतीय वंशाच्या उद्योजकाने ईस्ट इंडिया कंपनीचे नाव विकत घेऊन २०१० मध्ये तिथे उंची चहा, मसाले आणि मिठायांचे दुकान थाटले होते.