पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (जन्म : बॅलटर, स्कॉटलंड, २ ऑक्टोबर, इ.स. १८५४, मृत्यू : माँपेलिए, फ्रान्स, १७ एप्रिल, इ.स. १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व नगररचनाकार होते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक होत. दाट वस्ती पाडून रुंद रस्ता काढणे म्हणजेच सुधारणा, असे मानले जाण्याच्या काळात त्यांनी निराळा आग्रह धरला. वस्ती आधी पायी फिरून समजून घ्यावी आणि रहिवाशांना बरोबर घेऊन, शक्य तितकी राखून ती दुरुस्त करावी, असे त्यांचे मत होते.

पूर्वायुष्य

गेडिस यांनी लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्राचा अभ्यास केला. इ.स. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम पूर्वीसारखे करणे शक्य राहिले नाही. पुढे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण सजीव आणि त्याचा परिसर यांच्या नात्याचा विचार आता ते माणूस आणि त्याचे गाव यांना लावू लागले होते.

इ.स. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या पडझड झालेल्या चाळवजा वस्तीत जाऊन राहिले. त्यांनी झाडलोट, रंगरंगोटी व फुलझाडे लावणे आरंभले आणि हळूहळू शेजारीही त्यात सामील झाले. नगररचनेचा हा त्यांचा पहिला धडा होता.

खोऱ्याचा छेद

शहराचा विचार त्याच्या खोऱ्यापासून तोडून करता येत नाही, असे गेडिस मानत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत गेलेला खोऱ्याचा छेद ते आकृतीने दाखवीत आणि लाकूडतोड्या, धनगर, शेतकरी, कोळी असे व्यवसाय व त्यांच्या वस्त्या त्या उतारावर मांडीत. पुणे जिल्ह्यातील वाचकाला ही कल्पना घरच्या उदाहरणाने समजेल. तोरणा व राजगडाचे डोंगर, त्यांच्या उतारावरील वेल्ह्याच्या वाड्या, खालची भातखाचरे, नीरेला जाऊन मिळणारी गुंजवणी आणि नीराकाठचे भोर हे संस्थानी गाव असा तो क्रम आहे. (गेडिस यांनी या भागाविषयी लिहिलेले नाही, हे उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी दिले आहे.)

भारतातील कार्य

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस इ.स. १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगररचना-प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या एम्डन या युद्धनौकेने बुडविले. नवे साहित्य जमवून त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभे केले. इ.स. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याच वर्षी त्यांनी इलाख्यातील सहा नगरांवर अहवाल लिहिले.

त्यांची पद्धत साधी, पण कष्टाची होती. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. विहिरी, तळी, देवळे, पार व मोडकी घरे नकाशावर टिपत. मग अगदी पडायला आलेली मोजकी घरे काढून मोकळी जागा करावी, तेथे झाड लावावे, बोळ थोडा सरळ करावा आणि बाकी वस्ती जागेवर ठेवावी, असे ते सुचवीत. वैद्यकातील शब्द उसना घेऊन या पद्धतीला त्यांनी जपणुकीची शस्त्रक्रिया म्हटले. तंजावरमधील एका वस्तीत अभियंत्यांच्या योजनेपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्यात काम होईल, असा त्यांचा अंदाज होता. हिवतापाच्या भयाने तळी बुजवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी विरोध केला आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे व बदके पाळण्याचा उपाय सांगितला. साहजिकच अनेक अभियंत्यांशी त्यांचे बिनसले.

इ.स. १९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. थोरला मुलगा ॲलस्डेअर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. आजारी ॲनापासून ही बातमी लपवून ठेवावी लागली. जूनमध्ये कलकत्ता येथे तिचेही निधन झाले. त्यानंतर गेडिस यांनी होळकरांच्या इंदूरचे काम हाती घेतले.

इंदुरात प्लेग व हिवताप होता आणि नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा आधार घेतला. ज्या मार्गावर घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील, त्या मार्गाने मिरवणूक जाईल असे जाहीर झाले. मोहल्ल्यांत चढाओढ लागली आणि घराघरांतून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पोशाखात मानाने चालले. शेवटी घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमांचे दहन झाले. इंदूरचा दोन खंडांतील अहवाल इ.स. १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या भारतीय अहवालांत सर्वांत विस्तृत मानला जातो.

मर्यादा

लोकसहभागाचा पुरस्कार करणाऱ्या गेडिस यांना काम मात्र संस्थानिक व ब्रिटिश अधिकारी यांच्याच आश्रयाने करावे लागले. आश्रयदात्याचे मन बदलले की योजना दप्तरात पडे, आणि बहुतेक अहवालांचे तेच झाले. त्यांचे लेखनही पसरट व दुर्बोध होते. यामुळे त्यांचे विचार त्यांच्या पुस्तकांपेक्षा अमेरिकन लेखक लुईस ममफर्ड यांच्यासारख्या अनुयायांमुळेच अधिक पसरले.

मुंबई विद्यापीठ व अखेरची वर्षे

इ.स. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात रुजू झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. गेडिस यांच्या पाठिंब्याने घुर्ये इंग्लंडला शिकावयास गेले व इ.स. १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले. त्यांचा मार्ग मात्र गुरूपेक्षा वेगळा राहिला. जगदीशचंद्र बोस यांचे गेडिसलिखित चरित्र इ.स. १९२० मध्ये निघाले.

प्रकृतीमुळे भारत सोडल्यावर ते माँपेलिए येथे स्थायिक झाले. इ.स. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा दिला. इ.स. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग जॅकलिन टिरव्हिट यांनी इ.स. १९४७ मध्ये संपादित केला. मुंबई इलाख्यातील सहा नगरांवरील अहवाल महाराष्ट्र शासनाने इ.स. १९६५ मध्ये पुन्हा छापले.