लक्ष्मणराव किर्लोस्कर : शेतकऱ्याच्या गरजेतून उभा राहिलेला उद्योग

लोखंडी नांगराने जमीन नासते, मातीत विष उतरते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक शेतकऱ्यांमध्ये दृढ होती. अशा काळात बेळगावातील एका लहानशा कारखान्यात लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर घडविला. नांगर तयार होता, परंतु त्याला ग्राहक नव्हता. पुढे देशभर विस्तारलेल्या किर्लोस्कर उद्योगसमूहाचा पाया या कसोटीच्या काळात घातला गेला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांचे त्यांना अधिक आकर्षण होते. चित्रकार होण्याच्या इच्छेने त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे ध्यानी येताच त्यांना तो मार्ग सोडावा लागला. रंग दुरावले तरी रेषा हाती राहिली. यांत्रिक रेखाटनात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापन करू लागले. तेथील कार्यशाळेत यंत्रे खोलून पाहण्याची व जुळविण्याची संधी त्यांना लाभली.

अध्यापनाच्या काळातच सायकल हे नवे वाहन त्यांच्या नजरेत भरले. मुंबईहून ते सायकली पाठवीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकत. विकण्याबरोबरच ते ग्राहकांना सायकल चालविण्यासही शिकवीत. नवी वस्तू खपवायची तर ती वापरण्याचे शिक्षणही विक्रेत्यानेच द्यावे लागते, हा धडा किर्लोस्कर बंधूंना येथे मिळाला. समूहाच्या इतिहासाचा आरंभ १८८८ मधील या सायकल व्यवसायापासून मानला जातो. नोकरीत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव मुंबई सोडून बेळगावला परतले.

परक्या वस्तू विकता विकता आपल्या मुलखात काय उणे आहे, हे त्यांना उमगत गेले. गुरांपुढे टाकलेल्या अखंड कडब्याचा बराचसा भाग तुडवला जाऊन वाया जाई. कडबा बारीक कापून घातल्यास तोच चारा अधिक दिवस पुरे. यातून कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलथतो, हे ओळखून ते नांगराकडे वळले. गावोगावच्या शेतांत प्रत्यक्ष नांगरट करून दाखविणे हाच शेतकऱ्यांच्या शंकेवरील उपाय होता. पहिली दोन वर्षे विक्री अत्यल्प राहिली, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. पीक पाहून शेतकऱ्यांचा विश्वास हळूहळू बसू लागला.

जम बसू लागतो न लागतो तोच नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली. भांडवल तुटपुंजे आणि कारखान्याला आसरा नाही, अशा स्थितीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कर्ज देऊ केले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीनही दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या उजाड माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. झोपड्यांत राहून कामगारांनी व मालकांनी मिळून ती वसाहत उभी केली. अस्पृश्यता तेथे पाळली जात नसे. तुरुंगवास भोगून आलेल्या व्यक्तींनाही रखवालीसारखी विश्वासाची कामे सोपविण्यात आली.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात आटली आणि देशी नांगरांची मागणी वाढली. मात्र कच्चे लोखंड आणि कोळसा यांची टंचाईही त्याच काळात सोसावी लागली. नांगरामुळे शेतकऱ्याशी जडलेल्या नात्यातूनच पुढील उत्पादने सुचत गेली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप अशी ती परंपरा वाढत गेली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड स्थापन झाली. पुत्र शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतल्यावर कार्याला नवे बळ मिळाले आणि पुणे, हरिहर, बेंगळुरूपर्यंत उद्योग पसरला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. नव्या उद्योगाची कल्पना शोधणाऱ्या आजच्या तरुणांपुढे त्यांचे चरित्र एक साधी वाट ठेवते. आपल्या परिसरातील माणसाचे कष्ट कोठे वाया जातात ते पाहावे, त्यावर आपल्या हाताने उपाय घडवावा आणि त्या माणसाला तो पटेपर्यंत त्याच्या शेतात उभे राहावे. लक्ष्मणरावांचे सर्वाधिक श्रम या अखेरच्या टप्प्यावर खर्ची पडले आणि उद्योग तगला तोही त्यामुळेच.