कर्नलसाहेबांचा षटकार

गणेशोत्सवात आरती आटोपून प्रसाद वाटला गेला की मंडपाच्या मागच्या खुर्च्यांवर गप्पा रंगतात, आणि त्यांत क्रिकेट आले नाही असे एकही वर्ष आठवत नाही. तरुण मंडळी आपापल्या आयपीएल संघावरून भांडतात, कोणाचा षटकार किती मीटर गेला ते मोबाइलवर दाखवतात. मग एखादे ज्येष्ठ सभासद सी. के. नायडूंचे नाव काढतात. मुले माना डोलावतात. नाव ऐकलेले असते, कारण त्या नावाचा करंडक आहे, पुरस्कार आहे. पण या माणसाने एकेकाळी आपल्या इंदूरला किती वेड लावले होते, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात चांगले रुजलेले. आजोबा तिथले नामांकित वकील. शाळेत असतानाच सी. कें.च्या हातातली बॅट लोकांच्या नजरेत भरू लागली आणि हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलच्या संघाचे ते कर्णधार झाले. उंच, शिडशिडीत पण दणकट बांधा, ताठ मान आणि कमी बोलणे. ही शरीरयष्टी आणि हा स्वभाव त्यांनी शेवटपर्यंत जपला.

त्या काळी देशातले सर्वांत मोठे क्रिकेट मुंबईला होई. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा म्हणजे मुंबईकरांचा सणच होता. १९१६ मध्ये सी. के. हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध प्रथमच प्रथम दर्जाचा सामना खेळले. संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झालेले होते. हा नवखा मुलगा नवव्या क्रमांकावर खेळायला आला, तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली त्यांची पहिलीच धाव ही अशी षटकाराने आली.

१९२३ मध्ये होळकर दरबाराचे बोलावणे आले आणि सी. के. इंदूरला आले. दरबाराने त्यांना लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. तेव्हापासून इंदूरकरांसाठी ते कर्नलसाहेब. पोटापाण्यासाठी, चाकरीसाठी आपले गाव सोडून माळव्यात यायचे आणि मग इथलेच होऊन जायचे, ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेक घरांची आहे. सी. कें.चीही तीच.

साऱ्या देशाला त्यांचे नाव कळले ते १ डिसेंबर १९२६ रोजी. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ भारतात आला होता आणि बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाशी त्याचा सामना होता. पाहुण्यांनी पहिल्या दिवशी ३६३ धावा केल्या. त्यांचे गाय अर्ल यांनी आठ षटकार ठोकून १३० धावा काढल्या आणि प्रेक्षकांची तोंडे उतरली. दुसऱ्या दिवशी सी. के. मैदानात उतरले. ११६ मिनिटांत १५३ धावा, तेरा चौकार आणि अकरा षटकार. एका डावात इतके षटकार तोपर्यंत कोणी मारले नव्हते. बातमी वाऱ्यासारखी शहरात पसरली. माणसे हातातले काम टाकून मैदानाकडे धावली. मैदानाभोवतीची झाडे आणि जवळपासची छपरे भरून गेली. सामना अनिर्णित राहिला, पण त्याची कोणाला पर्वा नव्हती. खुद्द एम. सी. सी.ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय खेळाडू कसोटीच्या तोडीचे आहेत ही चर्चा त्या डावाने सुरू झाली आणि दोनच वर्षांत, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

षटकार तर आज गल्लीतली मुलेही मारतात. मग त्या अकरा षटकारांचे एवढे कौतुक का? ज्या जिमखान्यात एरवी हिंदी माणसाला सभासद म्हणून पाऊल टाकता येत नसे, त्याच्याच मैदानावर साहेबांच्या गोलंदाजीची ही पिटाई झाली होती. झाडावर चढून बसलेल्या कारकुनाला, गिरणीकामगाराला त्यातून काय मिळाले असेल, हे आज धावफलक वाचून समजणार नाही. चाहता होणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या सामान्य माणसाला त्या दिवशी कळले असे मला वाटते. नुसता खेळ पाहण्यापेक्षा हे वेगळे होते. मैदानावरच्या एका माणसात आपली छाती फुगवून घेणे होते.

१९३२ मध्ये भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला गेला. संघनायक कोण, हे तेव्हा खेळावरून नव्हे तर गादीवरून ठरे. पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार होते. महाराजांनी आपली खेळातली मर्यादा ओळखून मोठ्या मनाने बाजूला होणे पसंत केले, उपकर्णधार जायबंदी झाले आणि धुरा सी. कें.कडे आली. संघातल्या काहींना हे रुचले नाही. राजेरजवाड्यांचा हुकूम मानणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. आपल्यातल्याच एकाची शिस्त मानणे जड गेले. तरी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी कर्णधार म्हणून सी. के. नायडूच उतरले. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत झाली असतानाही पहिल्या डावात त्यांनी संघातर्फे सर्वाधिक ४० धावा काढल्या. सामना १५८ धावांनी हरला, पण इंग्लंडला घाम फुटला होता. त्या दौऱ्यात सी. कें.नी प्रथम दर्जाच्या सामन्यांत १६१८ धावा केल्या, ६५ बळी घेतले आणि विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत निवडले. एजबॅस्टनला त्यांचा एक षटकार री नदीपलीकडे गेला. ती नदी तेव्हा दोन काउंट्यांची हद्द होती. तेव्हा चेंडू एका काउंटीत मारला आणि दुसऱ्या काउंटीत पडला, असे आजही कौतुकाने सांगितले जाते.

पुढच्याच वर्षी डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी त्याच बॉम्बे जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथ यांनी पहिल्याच कसोटीत शतक ठोकले. त्यांच्याबरोबर १८६ धावांची भागी करताना दुसऱ्या टोकाला ६७ धावा काढून उभे होते ते कर्णधार सी. के. लोक मैदानात घुसले, हार घातले, स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले असे सांगतात.

१९३६ च्या दौऱ्यात मात्र कर्णधारपद पुन्हा एका राजकुमाराकडे, विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. संघात दोन तट पडले. अमरनाथना अर्ध्या दौऱ्यातून परत पाठवले गेले. चाळिशीचे सी. के. मुकाट्याने खेळत राहिले. ओव्हलवरच्या अखेरच्या कसोटीत ॲलन यांचा एक चेंडू त्यांच्या अंगावर जबर आदळला, पण त्यांनी मैदान सोडले नाही आणि ८१ धावा केल्या. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. सात कसोट्या, ३५० धावा, नऊ बळी. आकडे पाहून त्यांना मोजणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

आणि इथून आपल्या इंदूरची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते. महाराजा यशवंतराव होळकरांच्या पाठिंब्याने आणि सी. कें.च्या करड्या शिस्तीत होळकर संघ उभा राहिला. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत सी. कें.च्या नेतृत्वाखाली हा संघ रणजी करंडकाच्या आठ अंतिम सामन्यांत खेळला आणि चार वेळा विजेता ठरला. १९४५-४६ मध्ये यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध होळकरांनी आठ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतके झाली, त्यांत एक सी. कें.चे. त्याच हंगामातल्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या. तेव्हा त्यांचे वय पन्नास होते.

या संघातली माणसे पाहा. मुश्ताक अली इथलेच, सी. कें.नी लहानपणी हेरलेले. चंदू सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे. माधवसिंह जगदाळे होते, सी. कें.चे धाकटे बंधू सी. एस. होते, आणि युद्धकाळात भारतात असलेले डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरांकडून मुंबईविरुद्ध अंतिम सामना खेळले आणि नाबाद २४९ धावा काढून गेले. मुंबईच्या त्या जुन्या स्पर्धेत चाहता आपापल्या धर्माच्या तंबूत बसे. इथे तसे नव्हते. जो होळकरांची टोपी घालील तो आपला.

मराठी घरांची मात्र खरी कसोटी लागे ती समोर मुंबई किंवा बडोदा असले की. मुंबईत सगेसोयरे, बडोद्याला सगेसोयरे. बडोद्याच्या संघात सांगलीचे विजय हजारे. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागी केली, तेव्हा इथल्या किती घरांत एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू असेल! आमच्या आजोबांचे मेहुणे गिरगावात राहत. दर हंगामात दोघांची पेढ्यांची पैज लागे. १९४७-४८ मध्ये होळकरांनी मुंबईला हरवून करंडक जिंकला आणि गिरगावाहून पेढ्यांचा पुडा आला. पण सोबतच्या पत्रात मेहुण्यांनी मराठी माणसाने मुंबईविरुद्ध टाळ्या पिटाव्यात याबद्दल खंत व्यक्त केली होती. आजोबांनी उलट टपाली कळवले की टाळ्या जिथे चूल पेटते तिथल्या माणसांसाठी वाजतात. त्यानंतर दोघांत वर्षभर अबोला होता. घरात ही गोष्ट हसत सांगितली जाई, पण तिच्यातला सल आम्हाला मोठेपणी कळला. आपण कुठले, हा प्रश्न दूर राहणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी विचारतच असतो. आजोबांनी त्याचे उत्तर कर्नलसाहेबांच्या संघाकडे बघून दिले होते.

सी. कें.चे वागणे लाघवी नव्हते. सहकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे, शाबासकी क्वचित मिळे, आणि या करडेपणाने त्यांनी काही माणसे दुखावलीही. पण जी शिस्त दुसऱ्याला, तीच स्वतःला. मुंबईविरुद्धच्या एका रणजी सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर लागून त्यांचे दात पडले. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी खेळपट्टीवरचे दात बॅटने बाजूला सारले आणि गोलंदाजाला वेग कमी न करण्याची खूण केली, असे जुने लोक सांगतात. साठी गाठल्यावर ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा करताना विनू मांकड यांनाही त्यांनी षटकार लगावले. शेवटचा प्रथम दर्जाचा सामना ते अडुसष्टाव्या वर्षी खेळले. २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी एवढी ही कारकीर्द. १९४१ मध्ये बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकले. क्रिकेटपटूच्या नावावर वस्तू खपते, हे व्यापाऱ्यांनाही त्यांच्यामुळेच उमगले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्येच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू पुढे देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांनी वडिलांचे चरित्रही लिहिले.

संस्थाने गेली, होळकर संघ १९५४-५५ चा अंतिम सामना हरून इतिहासजमा झाला आणि पुढे मध्य प्रदेशचा संघ आला. करंडक मात्र आला नाही. १९५२-५३ नंतर तो या भूमीत यायला जून २०२२ उजाडावे लागले. बंगळुरूच्या त्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा मुंबईच होती. आपल्या संघाचे प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित, आणि शतक ठोकणाऱ्यांत इंदूरचा रजत पाटीदार. त्या दिवशी कॉलनीत फटाके वाजले, पेढे वाटले गेले.

आमच्या घरातूनही एक पुडा मुंबईला गेला, मेहुण्यांच्या नातवाकडे. त्याने लगेच फोन करून अभिनंदन केले. आजोबांची पैज त्याला ठाऊक नव्हती. ती सांगितली, आणि मग अर्थातच कर्नलसाहेबांपासून सुरुवात करावी लागली.