अण्णाभाऊंची चूल कशावर पेटत होती?

१ ऑगस्टला आपण अण्णाभाऊ साठेंच्या प्रतिमेला हार घालतो, मिरवणूक काढतो, भाषणं करतो. पण हा माणूस लिहीत होता तेव्हा त्याच्या घरची चूल कशावर पेटत होती, हे भाषणांत क्वचितच येतं.

१९२० साली वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्म. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. पोटासाठी हे कुटुंब गावाहून पायी मुंबईला आलं. इथे अण्णाभाऊंनी कोळसे वेचले, फेरीवाल्यामागे गाठोडं वाहिलं, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं पक्की केली. चळवळीची ओळखही या कामगार वस्त्यांतच झाली.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. मैदानं भरायची, पोवाड्यांनी माणसं पेटून उठायची. पण कलापथक चळवळीचं होतं, पगाराची नोकरी नव्हती. त्यात सरकारने तमाशावर बंदी आणली. तमाशावर पोट असलेल्या कलावंतांवर तो थेट घाव होता. अण्णाभाऊंनी गण-गौळणीचा साचा बदलला, त्यात कामगारांचे प्रश्न भरले आणि लोकनाट्य म्हणून तोच फड पुन्हा उभा केला. आम्हाला यात कल्पकता दिसते तेवढीच नड दिसते.

बहुतेक लेखन घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत झालं. १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. 'वैजयंता', 'फकिरा' अशा कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तीसेक कादंबऱ्या आणि पडद्यावर नाव असूनही गरिबीने पाठ सोडली नाही. आता काही जण या गरिबीलाच त्याग म्हणून मिरवतात. आम्हाला ते पटत नाही. झोपडी त्यांनी हौसेने निवडली नव्हती.

'स्मशानातील सोनं' ही त्यांची कथा आपल्या तरुणांनी जरूर वाचावी. खाणीतलं काम सुटलेला भीमा मढी उकरून सोनं शोधतो. मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. आणि खाण पुन्हा सुरू होते. काम गेलं की माणूस कुठवर जातो, हे लिहायला अण्णाभाऊंना कुणाला विचारत बसावं लागलं नसणार.

शेवटच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहायला गेले. १८ जुलै १९६९ ला गेले, वय अवघं ४८. टपाल खात्याने त्यांचं चार रुपयांचं तिकीट काढलं ते २००२ मध्ये.

वस्त्यांत काम करताना आम्ही जयंतीचे हिशेब पाहतो. मंडप, डीजे, लायटिंग, सगळ्यांचे पैसे आगाऊ दिलेले असतात. भीमगीतं म्हणणाऱ्या पोरापोरींना मात्र समाजाचं काम आहे म्हणून प्रवासखर्चावर बोलावतात, आणि तोही बरेचदा कार्यक्रम संपल्यावर मागावा लागतो. यंदा वर्गणीचं पुस्तक छापण्याआधी मंडळांनी शाहिराचं मानधन ठरवावं, आणि आकडा कलावंताला आधी कळवावा.